पहिल्या दिवशी एनएलआर १२, पाचव्या दिवशी १४ : मेंदूतल्या रक्तस्रावाची एक केस

तात्या, वय ५७, ऊस आणि चार म्हशी, पहाटे साडेपाचला धार काढायला गोठ्यात गेले आणि बादली हातातून सुटली. डावा हात लुळा पडला, मग पाय, मग बोलणं जड झालं. बायकोला वाटलं चक्कर आली म्हणून आधी पाणी मारलं, गूळ-पाणी द्यायला बघितलं, ते सगळं तोंडातून बाहेर आलं. बीपीची गोळी होती पण चार महिन्यांपूर्वी बरं वाटायला लागलं म्हणून बंद केलेली, हे नेहमीचंच. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि बारीकसारीक तपशील बदललेत, पण ही केस मला सविस्तर लिहायचीच होती, कारण यात रक्तातल्या सुजेचे आकडे (एनएलआर हा त्यातलाच एक, पुढे सांगतो) दोनदा वर गेले आणि दोन्ही वेळा अर्थ पूर्ण वेगळा होता, आणि पहिल्या आकड्याला घाबरून घरचे त्यांना जवळजवळ घरी घेऊन निघाले होते.

आमच्याकडे यायच्या आधी सातच्या सुमाराला जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे बीपी २२०च्या पुढे बघून जिभेखाली कॅप्सूल फोडली, आणि 'मेंदूला सूज आहे' म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ८ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. चिठ्ठीवर डेक्सा लिहिलेलंच नव्हतं. ते मला दुपारी कळलं, मुलाने खिशातून रिकामी अँप्यूल काढून दाखवली तेव्हा. ही अँप्यूल लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

पावणेदहाला आमच्याकडे आले. बीपी २०६/११६, नाडी ९२, ताप नाही, जीसीएस म्हणजे शुद्धीचा स्कोअर १५पैकी १३, डावी बाजू जवळजवळ शून्य, तोंड वाकडं, बोलणं अडखळत पण आपलं नाव नीट सांगत होते. सीटीमध्ये उजव्या पुटामेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या एका खोल भागात, रक्त, बीपीवाल्या रक्तस्रावाची ही ठरलेली जागा, मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या बारीक धमन्या वर्षानुवर्षं दाब सोसून सोसून इथेच फुटतात. रक्ताचं गाठोडं ४.२ बाय ३.२ बाय ३.५ सेंटिमीटर, तिघांचा गुणाकार करून निम्मे केले की साधारण साडेतेवीस मिली. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत, रक्त नाही. म्हणजे आयसीएच स्कोअर (मेंदूतल्या रक्तस्रावात धोका किती याचा अंदाज) काढला तर शून्य येतो : जीसीएस १३ किंवा जास्त, रक्त ३० मिलीपेक्षा कमी, व्हेंट्रिकल कोरडे, जागा वरच्या मेंदूत, वय ८०च्या खाली. २००१ साली हा स्कोअर ज्या पेशंटवरून बनवला त्यात शून्य स्कोअरवाला एकही पेशंट महिन्याभरात गेला नव्हता.

आणि मग साडेदहाला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट आला. टीएलसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी १४,८००, त्यातले न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ७ टक्के. भागाकार केला तर एनएलआर १२.३. सीआरपी, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन, मात्र ६.८, म्हणजे नॉर्मलच्या जरासाच वर. प्लेटलेट २ लाख ४० हजार, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १, साखर २१२, क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) १.३, सोडियम १३७.

ज्यांना एनएलआर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्याने भागायचं, झालं, वेगळी टेस्ट लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत, तालुक्याच्या साध्या लॅबच्या कागदावर पण निघतो. निरोगी माणसात साधारण १ ते ३ असतो. गेल्या आठ-दहा वर्षांत मेंदूच्या रक्तस्रावावर यातले बरेच अभ्यास आलेत आणि त्यातून ढोबळमानाने असं दिसतं की दाखल होताना एनएलआर जास्त असलेल्या पेशंटची अवस्था तीन महिन्यांनी जास्त वाईट असते, मृत्यूही जास्त. गटाची सरासरी म्हणून हे खरं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण प्रत्येक अभ्यासाची रेषा वेगळी, कुणी ५ला ओढलीय कुणी ७ला कुणी ९ला, रक्त कुठे दोन तासांनी घेतलंय कुठे दुसऱ्या दिवशी.

तात्यांचा पुतण्या पुण्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन. हुशार पोरगा, काळजी करणारा. त्याला रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर गेला, त्याने तिथेच भागाकार केला, नेटवर कुठलातरी सारांश वाचला आणि मुलाला फोन केला की ७च्या वर असला की वाचत नाहीत, १२ आहे. त्यात भर म्हणजे माझ्याच ड्युटी डॉक्टरने सकाळी 'काउंट खूप वाढलेत, इन्फेक्शन रक्तात पसरलंय का बघावं लागेल' असं म्हणून ठेवलं होतं. दोन्ही मिळून घरच्यांनी काय समजायचं ते समजलं. साडेबाराला मुलगा माझ्यासमोर उभा, मागे चार पाहुणे, आणि म्हणाला, "डॉक्टर, वाचणारच नसतील तर उगं खर्च कशाला, तात्यांना घरी न्यावं म्हणतोय, आईजवळ तरी राहतील."

हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक आयसीयूत महिन्यातून चारदा ऐकू येतं आणि मला त्याची भीती रक्तस्रावापेक्षा जास्त वाटते. मेंदूच्या रक्तस्रावात पहिल्याच दिवशी आशा सोडली की उपचार ढिले पडतात, उपचार ढिले पडले की पेशंट जातो, आणि मग सगळे म्हणतात बघा डॉक्टर बोलले तेच झालं. म्हणूनच अमेरिकन हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०२२च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय की उपचार थांबवायचे नवे निर्णय किमान दाखल झाल्याच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकला.

तर मी मुलाला आणि फोनवर पुतण्याला असं दोघांना बसवून कागदावर तास लिहिले. साडेपाचला अॅटॅक, सातला डेक्सा, दहाला रक्त. पुतण्याला विचारलं, तुझ्या लॅबमध्ये स्टेरॉइडवरच्या पेशंटचा काउंट कसा दिसतो? तो लगेच गप्प झाला. त्याला माहीत होतं, फक्त डेक्सा दिलंय हे माहीत नव्हतं. स्टेरॉइड गेलं की रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून वाहत्या रक्तात येतात, अस्थिमज्जेतून नवीन सुटतात, आणि लिम्फोसाइट रक्तातून निघून ऊतींमध्ये जाऊन बसतात, म्हणजे भागाकारात वरचा आकडा फुगतो आणि खालचा आटतो, आणि हे सगळं तीन-चार तासांतच दिसायला लागतं. दहाचं रक्त बरोबर त्या वेळेत बसतं.

अर्थात सगळं डेक्साच्या डोक्यावर फोडता येत नाही. रक्तस्राव स्वतःच हे करतो. मेंदूत रक्त सांडलं की पहिल्या तासांतच गुठळी होताना तयार झालेलं थ्रॉम्बिन शेजारच्या पेशींना डिवचतं, मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे राहते राखणदार जागे होतात, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ वगैरे सुजेचे निरोप देणारी रसायनं सुटतात, मोहोळ उठल्यासारखं होतं, आणि दिवसभरात बाहेरचे न्यूट्रोफिल गाठोड्याच्या कडेला येऊन पोचतात. त्याच वेळी शरीर ताणात असतं, अॅड्रेनलिन कॉर्टिसोल वर, म्हणजे घरचंच स्टेरॉइड म्हणा ना, त्यानेही लिम्फोसाइट खाली जातात. ते नुसते कमी होत नाहीत, प्रतिकारशक्ती खरोखर काही दिवस मंदावते, आणि पाचव्या दिवशी जे झालं त्याची एक वाट इथूनच सुरू होते.

सीआरपीचं घड्याळ वेगळं. तो यकृतात बनतो, इंटरल्यूकिन-६चा निरोप यकृताला मिळायचा, मग प्रथिन तयार व्हायचं, म्हणून ६-८ तास काही दिसत नाही आणि टोक गाठायला दीड-दोन दिवस लागतात. तात्यांचं रक्त साडेचार तासांचं होतं, सीआरपी ६.८ यात आश्चर्य काहीच नाही आणि दिलासाही नाही. त्यात तंबाखू आणि नव्याने सापडलेला डायबिटीस, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६, या दोघांमुळे असा थोडासा सीआरपी एरवी पण असू शकतो. मी तरी त्या दिवशी एकच निष्कर्ष काढला, इन्फेक्शनचा पुरावा नाही. ड्युटी डॉक्टरने लिहिलेलं सेफ्ट्रिअॅक्झोन मी खोडलं. स्ट्रोकच्या पेशंटला इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक द्यावं का यावर २०१५ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधून दोन मोठे ट्रायल छापून आले, दोन्हीत पेशंटच्या अंतिम अवस्थेत फरक पडला नाही.

आणि डेक्सा? ते तर अजून जुनं. १९८७ साली थायलंडमधल्या डॉक्टरांनी ९३ पेशंटवर तपासून दाखवलं की मेंदूच्या रक्तस्रावात डेक्सामेथासोनने जीव वाचत नाहीत, उलट इन्फेक्शन आणि डायबिटीसची गुंतागुंत इतकी वाढली की अभ्यास मधेच थांबवावा लागला. सूज आहे म्हणून सुजेचं औषध, हे ऐकायला बरोबर वाटतं म्हणूनच ते इतकी वर्षं चिकटून राहिलंय. तात्यांची साखर २१२ यायला त्या ८ मिलिग्रॅमचाही हात असणारच.

मुलगा थांबला. पुतण्या रात्रीच्या एसटीने आला.

उपचार तसे साधे होते आणि त्यांच्यावरच सगळा भर दिला. बीपीसाठी लेबेटालॉल शिरेतून, पहिल्या तासात वरचं बीपी १५०च्या आत, मग १३०-१४०ला धरून ठेवलं. साखर इन्सुलिनने १८०च्या खाली, ताप ३७.५ सेल्सिअसच्या वर गेला की लगेच पॅरासिटामॉल, डोकं वर, पायात गुठळी होऊ नये म्हणून हवेचे पट्टे. बीपी, साखर, ताप आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा उतारा, या चार गोष्टी ठरवून लवकर केल्या तर फरक पडतो हे २०२३च्या इंटरॅक्ट-३ ट्रायलमध्ये ७,०३६ पेशंटवर दिसलं आणि त्यात भारतातली हॉस्पिटलंही होती, म्हणजे हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे, यात महागडं काही नाही.

२४ तासांनी सीटी परत केला, गाठोडं वाढलं नव्हतं, कडेला सुजेची काळी किनार दिसायला लागली होती. टीएलसी १३,२००, एनएलआर ८.२, सीआरपी २८. पुतण्या दचकला, "सर, सीआरपी चौपट झाला की." म्हटलं, व्हायलाच पाहिजे होता, उद्या अजून वाढेल. ४८ तासांना टीएलसी ११,६००, एनएलआर ५.६, सीआरपी ४१. ७२ तासांना टीएलसी १०,४००, एनएलआर ४.७, सीआरपी ३३. डेक्सा उतरलं, ताण उतरला, पेशी खाली आल्या, सीआरपीने आपलं टोक गाठून पाठ फिरवली. जीसीएस १४. तात्या बायकोला ओळखून "म्हशींना कोण बघतंय" विचारत होते.

इथे एक लॅबची गोष्ट सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशीचा सीआरपी चुकून बाहेरच्या लॅबमध्येही गेला होता, तिथून २.७ आला आणि सिस्टर आनंदाने सांगत आली की नॉर्मल झाला. तो डेसिलिटरमागे होता, आमचा लिटरमागे, म्हणजे २.७ आणि २७ एकच. एकक न बघता दोन लॅबचे आकडे एका चार्टवर चढवले की ग्राफ काहीही बोलायला लागतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ताप १०१.६ फॅरनहाइट. श्वास २८, ऑक्सिजन ९१, उजव्या फुप्फुसाच्या तळाला कर्कर, आणि तात्या परत पेंगुळलेले, जीसीएस १२. टीएलसी १७,९००, न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ६, एनएलआर १४.७, सीआरपी १४२.

आता बघा, नुसता एनएलआर घेतला तर पहिल्या दिवशी १२.३ आणि आज १४.७, फार फरक नाही. पण पहिल्या दिवशी सीआरपी शांत होता, आज तो ३३पर्यंत उतरून परत १४२ला गेलाय, आणि उतरलेला सीआरपी आपला आपण परत चढत नाही, त्याला नवीन कारण लागतं. दुसरं, मी लॅबमध्ये जाऊन दोन्ही दिवसांच्या रक्ताच्या काचा शेजारी ठेवून मायक्रोस्कोपखाली बघितल्या. पहिल्या दिवशीचे न्यूट्रोफिल भरपूर पण प्रौढ, नीटनेटके. आजच्या काचेवर बँड पेशी, म्हणजे अर्धवट तयार झालेले पोरसवदा न्यूट्रोफिल, आणि त्यांच्यात टॉक्सिक ग्रॅन्यूल, म्हणजे गडद दाणे. स्टेरॉइडने किंवा ताणाने वाढलेल्या काउंटमध्ये हे सहसा दिसत नाही, जंतूंशी लढाई चालू असली की दिसतं. मशीनच्या प्रिंटवर हे येत नाही, काच बघणारा माणूस लागतो, आणि दहा मिनिटं लागतात. प्रोकॅल्सिटोनिनही पाठवलं, ही बॅक्टेरियाचं इन्फेक्शन ओळखायला मदत करणारी रक्ताची चाचणी, ते हजार रुपयांच्या वर जातं म्हणून मी रोज करत नाही, फक्त निर्णय अडतो तेव्हा. १.९ आलं. बॅक्टेरियाकडे बोट.

पण पेंगणं कशामुळे, न्यूमोनियामुळे की मेंदूच्या सुजेमुळे? रक्तातला कुठलाही मार्कर हे सांगू शकत नाही, इथे लोक फसतात. सीटी केला. गाठोडं फिकट पडत होतं पण भोवतीची सूज वाढलेली, मेंदूची मध्यरेषा ४ मिलिमीटर सरकलेली. म्हणजे दोन्ही होतं. गाठोड्याभोवतीची ही सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढते आणि नंतरही आठवडाभर-दोन आठवडे हळूहळू वाढत राहू शकते, कारण सांडलेल्या लाल पेशी फुटायला लागतात, त्यातलं हिमोग्लोबिन, त्यातलं लोह बाहेर येतं आणि ते शेजारच्या पेशींना जाळतं. (लोह बांधणारं डेफेरॉक्सामिन द्यावं म्हणून ट्रायल झाला, २०१९ला छापून आला, तीन महिन्यांनी अपेक्षित फायदा दिसला नाही.) क्रिएटिनिन १.५ला गेलं होतं म्हणून मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉलच्या ऐवजी ३ टक्के सलाइन लावलं, सोडियम १४५-१४८ला ठेवलं, आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू केलं. नंतर थुंकीच्या कल्चरला क्लेब्सिएला हा बॅक्टेरिया उगवला आणि तो याच औषधाला ऐकणारा निघाला.

न्यूमोनिया आला कुठून हे विचारताना काकू, तात्यांची बायको, रडायला लागल्या. "घोटभर च्या दिला वो, घसा कोरडा पडलाय म्हणत हुते सारखं, बशीत घालून दिला." झोपलेल्या माणसाला, डावीकडे गिळायची ताकद नसताना. यात काकूंचा दोष मी मानत नाही. आम्ही राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) चौथ्या दिवशी काढली, बेडच्या पाटीवर 'गिळण्याची तपासणी बाकी' असं लिहून ठेवलं, आणि काकूंना वाचता येत नाही हे कुणी विचारलंच नाही. मी पण नाही. आता आमच्याकडे पाटी नाही, उशाला लाल फडकं बांधतो आणि जो जवळ बसणार त्याच्याकडून तोंडी म्हणवून घेतो की काही द्यायचं नाही. आणि पाण्याच्या चमच्याची चाचणी सिस्टर स्वतः करून फाईलमध्ये लिहिल्याशिवाय ट्यूब निघत नाही.

सहाव्या दिवशी सीआरपी १६८पर्यंत गेला आणि मुलाचा चेहरा परत पडला, पण औषध लागू पडलं तरी सीआरपी पहिला दिवस वरच जातो, तो साधारण १९ तासांत निम्मा होतो तेही नवीन बनायचा थांबल्यावर. ताप आणि ऑक्सिजन आधी सुधारले. आठव्या दिवशी सीआरपी ६१, प्रोकॅल्सिटोनिन ०.४, एनएलआर ५.६. प्रोकॅल्सिटोनिन उतरल्यामुळे आणि पेशंट बरा दिसत असल्यामुळे अँटिबायोटिक सात दिवसांवर थांबवायचं धाडस केलं, नाहीतर सवयीने चौदा दिवस चाललं असतं. बाराव्या दिवशी टीएलसी ९,२००, न्यूट्रोफिल ६८, लिम्फोसाइट २३, एनएलआर ३, सीआरपी १४. त्यानंतर मी सीआरपी केलाच नाही, पुतण्या विचारत होता करू का, पण करून ठरवायचं काय होतं?

या केसनंतर एक गोष्ट आम्ही लगेच बदलली, ती म्हणजे स्ट्रोकच्या पेशंटच्या प्रत्येक सीबीसी आणि सीआरपीच्या शेजारी लाल पेनाने दोन गोष्टी लिहायच्या : अॅटॅकपासून किती तास झाले, आणि त्या आधी स्टेरॉइड गेलंय का. दुसऱ्यासाठी घरच्यांना नुसतं 'कुठलं इंजेक्शन दिलं' विचारून भागत नाही, खिशातली, पिशवीतली अँप्यूल मागायची, बऱ्याचदा असते. आणि एनएलआर घरच्यांसमोर उच्चारायचा नाही, निदान पहिले दोन दिवस तरी. तो आमच्या कामाचा आहे, कुणावर जास्त लक्ष ठेवायचं, कुणाचं रक्त उद्या परत बघायचं यासाठी. एकट्या आकड्यावर माणूस घरी पाठवण्याएवढा तो पक्का नाही, आणि ज्या अभ्यासांतून तो आला त्यातही डेक्सा घेतलेल्या पेशंटला बऱ्याच ठिकाणी बाजूलाच काढलेलं असतं.

चौदाव्या दिवशी तात्या घरी गेले, डाव्या पायात ताकद ५पैकी ३, हातात २. तीन महिन्यांनी परत आले ते काठी घेऊन चालत, पुतण्या बरोबर. बीपी १३२/८२, दोन गोळ्या चालू, एकही चुकलेली नाही, काकूंनी रिकामी पाकिटं पिशवीत जपून आणली होती दाखवायला. धार आता मुलगा काढतो. तात्यांच्या डाव्या हाताची बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत, फिजिओथेरपी चालू आहे, उजव्या हाताने ते म्हशीला वैरण टाकतात असं सांगत होते.